‘होप’ नंतर कुठला टेन्स लावायचा? आधी बघा, निकाल लागलाय का

पहिल्या नोकरीत असताना एका क्लायंटला डिझाइन पाठवलं आणि मेलच्या शेवटी लिहिलं, ‘वी होप्ड यू वुड लाइक द डिझाइन.’ माझ्या डोक्यात साधं होतं, तुम्हाला डिझाइन आवडेल अशी आशा आहे, एवढंच. पण ‘होप’ पेक्षा ‘होप्ड’ आणि ‘विल’ पेक्षा ‘वुड’ जरा जास्त नम्र वाटतं ना, म्हणून दोन्हीकडे भूतकाळ ठोकून दिला. थोड्या वेळाने त्यांचं उत्तर आलं, की आम्ही अजून फाइल उघडलेली पण नाही, आवडलं नाही असं तुम्हाला कोणी सांगितलं? मी तीनदा वाचलं तरी कळेना यांना राग कसला आलाय. मग ऑफिसमधल्या एका सीनियर मॅडमनी समजावलं, अगं तू लिहिलंयस त्याचा अर्थ होतो ‘आम्हाला वाटलं होतं तुम्हाला आवडेल’, आणि त्यापुढचं ‘पण कसलं काय’ हे समोरचा मनातल्या मनात जोडतो.

तेव्हापासून मी या एका शब्दाच्या मागेच लागले. आता ओळखीतले लोक मेल, अर्ज वगैरे तपासायला पाठवतात आणि दर दोन-चार मेलमागे एकात तरी ‘होप’चा घोळ असतोच, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहून टाकू.

नियम पाठ करण्यापेक्षा स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: निकाल लागलाय का? म्हणजे ज्याची आशा करतोय ते झालं की नाही झालं हे मला आत्ता माहितीय का? माहिती नसेल तर ‘होप’ वर्तमानातच राहतं, भले गोष्ट उद्याची असो, आत्ताची असो नाहीतर कालची असो. माहिती असेल आणि मनासारखं झालं नसेल तर ‘होप्ड’ किंवा मग ‘विश’. बाकी सगळं या एका प्रश्नातून निघतं.

आधी उद्याची गोष्ट घेऊ. ती उद्या येईल अशी आशा आहे. इथे दोन्ही चालतं, ‘आय होप शी विल कम टुमॉरो’ आणि ‘आय होप शी कम्स टुमॉरो’. आपण मराठी माणसं हटकून पहिलं म्हणतो कारण आपल्याकडे ‘येईल’ असं खास भविष्यकाळाचं रूप आहे आणि ते दिसलं की हात आपोआप ‘विल’कडे जातो. इंग्रजीत क्रियापदाला भविष्यकाळाचं वेगळं रूपच नाहीये, ‘कम’चं ‘केम’ होतं पण उद्यासाठी ‘कम’चं काहीच वेगळं होत नाही, ‘विल’ हा बाहेरून आणून लावलेला मदतनीस. आणि ‘होप’ म्हटलं की गोष्ट पुढची आहे हे बहुतेक वेळा आधीच कळलेलं असतं, त्यामुळे बोलताना लोक ‘विल’ गाळून साधा वर्तमानकाळ वापरतात. ‘आय होप यू गेट द जॉब.’ ‘आय होप वी विन.’ ‘विल’ लावलं तर चूक नाही, जरा औपचारिक वाटतं एवढंच, कामाच्या पत्रात तर छान बसतं. पण साधा वर्तमानकाळ वापरणार असाल तर शी, ही, इट च्या पुढचा ‘स’ विसरू नका हां, ‘आय होप शी कम’ हे मी इतक्यांदा बघितलंय की विचारू नका. ‘विल’ असताना तो ‘स’ लागत नाही, मग ‘विल’ काढलं तरी लोक क्रियापद तसंच ठेवतात, तिथे गडबड होते.

जे चालत नाही ते म्हणजे ‘आय होप यू वुड कम’. हा ‘वुड’ आपल्याकडे नम्रतेच्या नावाखाली सगळीकडे घुसलाय, ‘होप यू वुड बी फाइन’, ‘होप यू वुड रिप्लाय सून’. ‘वुड यू प्लीज’ मध्ये ‘वुड’ नम्र असतो हे खरं, पण म्हणून तो कुठेही टाकला की वाक्य नम्र होतं असं नाही. ‘होप’ वर्तमानात असेल तर त्याच्यानंतर ‘विल’ किंवा साधा वर्तमान, आणि जमण्या न जमण्याची गोष्ट असेल तर ‘कॅन’, म्हणजे ‘आय होप यू कॅन कम’. एकच जागा आहे जिथे ‘होप’ नंतर ‘वुड’ बरोबर येतो, ती म्हणजे जर-तरची: ‘आय होप यू वुड टेल मी इफ समथिंग वॉज राँग’, काही बिनसलंच तर तू मला सांगशील ना, अशा अर्थाने. तिथे तो ‘वुड’ त्या ‘इफ’मुळे आलाय, ‘होप’मुळे नाही.

आत्ता चालू असलेल्या गोष्टीत फार काही नाही. ‘आय होप यू आर डुइंग वेल’, ‘आय होप आय ॲम नॉट डिस्टर्बिंग यू’. जसं घडतंय तसा टेन्स, झालं.

खरी गंमत कालच्या गोष्टीत आहे आणि मला वाटतं सगळ्यात जास्त लोक इथेच अडखळतात. समजा परीक्षा होऊन गेली, निकाल यायचाय. मराठीत आपण काय म्हणतो? ‘मी पास झालो असेन अशी आशा आहे.’ आता हे ‘झालो असेन’ जरा जवळून बघा. ‘झालो’ मध्ये भूतकाळ आहे आणि ‘असेन’ मध्ये भविष्यकाळाचं रूप, पण त्या ‘असेन’चा अर्थ भविष्य नाहीच, त्याचा अर्थ ‘मला नक्की माहिती नाही’ एवढाच. म्हणजे मराठीत ती अनिश्चितता क्रियापदातच भरलेली असते. हेच वाक्य इंग्रजीत नेताना आपण ते ‘असेन’ पण ओढून नेतो आणि मग तयार होतं ‘आय होप आय वुड हॅव पास्ड’ किंवा ‘आय होप आय विल हॅव पास्ड’. इंग्रजीत ही अनिश्चितता ‘होप’ या शब्दातच येऊन गेलेली असते, तिला परत दुसऱ्या क्रियापदात भरायची गरज नाही. म्हणून नुसतं ‘आय होप आय पास्ड’. बास. पेपर काल झाला, भूतकाळ. निकाल माहिती नाही, म्हणून ‘होप’ वर्तमानात. दोन क्रियापदं दोन वेगळ्या काळात आरामात शेजारी बसतात आणि कोणाला काही वाटत नाही.

याच साच्यात रोजची कितीतरी वाक्यं बसतात. ‘आय होप यू स्लेप्ट वेल.’ ‘आय होप द इंटरव्ह्यू वेंट वेल.’ ‘आय होप आय डिडन्ट हर्ट यू.’ घडून गेलंय, फक्त मला कळलेलं नाहीये. एका मुलाने मला ‘आय होप यू विल स्लेप्ट वेल’ असं सकाळी सकाळी पाठवलं होतं, त्याला वाटलं आशा आहे म्हणजे ‘विल’ पाहिजेच. आशा पुढच्याचीच करायची असते असं आपल्या डोक्यात बसलंय, पण माहिती नसलेल्या मागच्या गोष्टीचीही आशा करता येते की.

‘हॅव’वालं रूप, म्हणजे ‘आय होप यू हॅव रिसीव्ह्ड माय मेल’, ते जेव्हा कधी झालं यापेक्षा आत्तापर्यंत झालंय का हे महत्त्वाचं असेल तेव्हा. ‘यस्टरडे’ असा नेमका वेळ लिहायचा असेल तर ‘हॅव’ काढून साधा भूतकाळ, ‘आय होप यू रिसीव्ह्ड द मेल आय सेंट यस्टरडे’ मध्ये ‘यस्टरडे’ पाठवण्याला चिकटलंय म्हणून तिथे ‘सेंट’ आलंय, ते ‘हॅव सेंट’ होणार नाही.

आता थोडं बांधणीबद्दल. आशा करणारा आणि ते काम करणारा माणूस एकच असेल तर ‘टू’ लावून वाक्य छोटं करता येतं, ‘आय होप टू सी यू सून’. माणसं वेगळी असतील तर हे जमत नाही. ‘आय होप यू टू पास’ चुकीचं, ‘आय होप यू पास’ बरोबर. ही चूक होते कारण ‘आय वाँट यू टू पास’ आणि ‘आय एक्स्पेक्ट यू टू पास’ ही दोन्ही बरोबर आहेत, मग ‘होप’ने काय घोडं मारलंय असं वाटणं साहजिक आहे, पण नाही चालत म्हणजे नाही चालत. आणि पुढे क्रियापद नसून नुसतं नाम असेल तर ‘फॉर’: ‘आय ॲम होपिंग फॉर अ गुड रिझल्ट’.

नकार. पाऊस पडू नये अशी आशा आहे. आपण ‘आय डोन्ट थिंक इट विल रेन’ म्हणायला शिकलेलो असतो, तिथे नकार पुढे ‘थिंक’ला जोडतात, तोच हिशोब लावून ‘आय डोन्ट होप इट रेन्स’ म्हणतो. नाही. ‘होप’मध्ये नकार मागेच राहतो, ‘आय होप इट डझन्ट रेन’. तोच प्रकार छोट्या उत्तरांत. होईल का वेळेत? ‘आय होप सो.’ परत चूक झाली का? ‘आय होप नॉट.’ ‘आय डोन्ट होप सो’ हे कानाला कितीही बरं वाटलं तरी म्हणू नका.

आता माझ्या त्या मेलकडे येऊ, म्हणजे ‘होप’ स्वतःच भूतकाळात गेला की काय होतं. ‘आय होप्ड शी वुड कम.’ इथे ‘वुड’ एकदम बरोबर, कारण पुढचा ‘विल’ही ‘होप्ड’बरोबर एक पायरी मागे सरकला. मला आशा होती की ती येईल. बघा, मराठीत आपण इथेही ‘येईल’च म्हणतो, काही मागे सरकवत नाही, म्हणून ‘आय होप्ड शी विल कम’ अशी खिचडी होते. अर्थ बघायचा तर बहुतेक वेळा ती आली नाही असं ऐकू येतं. बहुतेक वेळा म्हणतेय, नेहमी नाही, कारण गोष्ट सांगताना ‘इट वेंट जस्ट ॲज वी होप्ड’ असंही म्हणतात आणि तिथे मनासारखं झालेलं असतं. दुसऱ्याचं म्हणणं सांगताना ‘शी सेड शी होप्ड आय वुड पास’ मध्येही निराशा वगैरे काही नाही, ‘सेड’मुळे सगळं मागे गेलंय. पण आगापीछा नसताना नुसतं ‘वी होप्ड’ म्हटलं की समोरचा पुढच्या ‘पण’ची वाट बघतो. आणि ‘आय हॅड होप्ड’ म्हटलं तर शंकाच नको, आशा केली होती, धुळीला मिळाली. ‘आय हॅड होप्ड टू फिनिश इट टुडे’, आज संपवायचं मनात होतं, नाही झालं.

मग नम्र व्हायचं असेल तर? त्यासाठी ‘आय वॉज होपिंग’ आहे. ‘आय वॉज होपिंग यू कुड हेल्प मी.’ दिसायला भूतकाळ, अर्थ आत्ताचा. मराठीत आपण नाही का म्हणत, ‘एक विचारायचं होतं’? विचारायचं आत्ताच आहे, ‘होतं’ फक्त समोरच्यावर दडपण नको म्हणून. अगदी तोच खेळ. मी त्या दिवशी ‘वी होप यू लाइक द डिझाइन’ एवढं साधं लिहिलं असतं तरी पुरलं असतं, नम्रतेची हौसच नडली. फक्त एक सांगते, ‘आय वॉज होपिंग’ मागणी करताना गोड लागतं पण काम राहून गेल्यावर वापरलं की टोमणा होतो. ‘आय वॉज होपिंग यू वुड सेंड इट बाय मंडे’ आणि आज बुधवार असेल तर समजून जा.

‘आय ॲम होपिंग’ हे वर्तमानातलं रूप ‘आय होप’ पेक्षा किंचित सैल आहे, बघू जमलं तर, असा सूर. ‘आय ॲम नोइंग’ चुकीचं म्हणून ‘आय ॲम होपिंग’ पण चुकीचं असं काही जण धरून चालतात, तसं नाहीये.

आणि ‘विश’. याच्यावर वेगळं लिहिता येईल इतकं आहे पण ‘होप’शी जिथे भांडण होतं तेवढंच सांगते. ‘होप’ म्हणजे होऊ शकतं, ‘विश’ म्हणजे तसं नाहीये हे मला माहितीय. म्हणून ‘विश’ नंतरचं क्रियापद एक पाऊल भूतकाळात ढकलतात, वेळ भूतकाळातली आहे म्हणून नाही तर ते खरं नाही म्हणून. ‘आय विश आय न्यू द आन्सर’, मला उत्तर आत्ता येत नाहीये. ‘आय विश आय हॅड स्टडीड’, तेव्हा अभ्यास केला नाही. मराठी माणसाला हे खरं तर सोपं जायला पाहिजे कारण आपण हेच करतो, ‘उत्तर येत असतं तर’, ‘अभ्यास केला असता तर बरं झालं असतं’. हे ‘असता, असतं’ डोक्यात आलं की समजायचं ‘होप’चं काम संपलं, ‘विश’ घ्या. ‘आय विश आय वर टॉलर’ मधला तो ‘वर’ आधी विचित्र वाटतो, बोलताना ‘वॉज’ म्हणणारेही भरपूर आहेत, लिहिताना ‘वर’ ठेवा.

फसवणूक इथे होते की ‘तू पास व्हावास अशी माझी इच्छा आहे’ याचं आपण ‘आय विश यू पास’ करतो, कारण डिक्शनरीत इच्छा म्हणजे ‘विश’. पण तू पास होऊ शकतोस ना अजून? मग ‘आय होप यू पास’. ‘विश’च्या पुढे दोन गोष्टी टाकून शुभेच्छा देता येतात, माणूस आणि नाम, ‘आय विश यू लक’, ‘आय विश यू सक्सेस’. क्रियापद आलं की पलटी. आणि ‘आय विश यू वुड स्टॉप शाउटिंग’ ही शुभेच्छा नाही, ती वैतागून केलेली तक्रार आहे, आता तरी ओरडणं थांबव. त्यामुळे ‘आय विश यू वुड वर्क हार्ड’ असं कोणाच्या वाढदिवसाला लिहाल तर तो दुखावणार.

अपेक्षा आणि आशा पण वेगळ्या ठेवा. ‘आय एक्स्पेक्ट यू टू फिनिश दिस टुडे’ हा जवळजवळ हुकूम आहे, बॉस म्हणतो तसा. बॉसला उद्देशून म्हणायचं असेल तर ‘आय होप’.

‘होपफुली’ वापरू का, असं बरेच जण विचारतात. बिनधास्त वापरा. ‘होपफुली, इट विल वर्क.’ पूर्वी इंग्रजीतले काही कडक लोक म्हणायचे की याचा अर्थ फक्त ‘आशेने’ असाच घ्यावा, ‘आशा आहे की’ असा नको, त्यावर बरीच वर्षं वाद चालला, पण 2012 मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनेही आपल्या स्टाइलबुकमध्ये हा अर्थ मान्य केला. फक्त एक, ‘आय होप’ नंतर ‘विल’ गाळता येतो तसा ‘होपफुली’ नंतर सहसा गाळत नाहीत, कारण इथे ते मुख्य वाक्यच असतं. ‘होपफुली इट वर्क्स’ बोलण्यात ऐकू येतं, लिहिताना ‘विल’ ठेवा.

आणि मराठीतलं ‘होवो, मिळो, लाभो’? त्याला इंग्रजीत ‘मे’ आहे, ‘मे यू लिव्ह लाँग’, क्रियापद मूळ रूपात, ‘मे ही लिव्ह’ मध्ये पण ‘स’ नाही. शुभेच्छापत्रात ठीक, रोजच्या चॅटमध्ये असं लिहिलंत तर आशीर्वाद देताय असं वाटेल.

हात बसवायला ही पाच वाक्यं घ्या, आधी स्वतः कागदावर लिहा, उत्तरं लगेच खाली आहेत, डोळा तिकडे जाऊ देऊ नका. तुझा प्रवास नीट झाला असेल अशी आशा आहे. त्याला उशीर होऊ नये म्हणजे मिळवली. मला वाटलं होतं तू फोन करशील. तू इथे असतास तर किती बरं झालं असतं. तुम्ही जरा हे तपासून द्याल का असं विचारायचं होतं.

पहिलं ‘आय होप यू हॅड अ गुड जर्नी’, प्रवास संपलाय पण कसा झाला ते कळलेलं नाही. दुसरं ‘आय होप ही इझन्ट लेट’, नकार मागे. तिसरं ‘आय होप्ड यू वुड कॉल’ किंवा जास्त खंत दाखवायची असेल तर ‘आय हॅड होप्ड’. चौथ्यात ‘असतास’ आलं म्हणजे ‘होप’ गेलं, ‘आय विश यू वर हिअर’, आणि इथे काही जण ‘आय विश यू हॅड बीन हिअर’ लिहितात, तेही चूक नाही, त्या दिवशी तू इथे नव्हतास असं म्हणायचं असेल तर तेच बरोबर, कारण मराठी वाक्यातून ते आजचं की त्या दिवशीचं हे कळतच नाही. पाचवं ‘आय वॉज होपिंग यू कुड चेक दिस’, आणि हे बुधवारी पाठवणार असाल तर सोमवारचा उल्लेख टाळा.